सीझन सरल्यावरचं बाली: जाताना लोळत, येताना कोंबून

आधी माझा धंदा सांगते, म्हणजे पुढची कुरकुर कुठून येते ते कळेल. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळापासून चालत सात-आठ मिनिटांवर आमचं लॉज आहे. चौदा खोल्या, लिफ्ट नाही, गरम पाणी सकाळी सहा ते नऊ. नवरात्रात एकेका खोलीसाठी तीन-तीन फोन येतात आणि जूनच्या शेवटी मी दारात खुर्ची टाकून रिक्षातून कुणी बॅग उतरवतंय का ते बघत बसते. एकतीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळे कुणी "ऑफ सीझनला स्वस्त पडतं" म्हटलं की मला आधी समोरच्याच्या रिकाम्या खोल्या दिसतात.

हा रिव्ह्यू दोघांचा आहे. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ज्या ट्रॅव्हल ऑफिसातून बालीचं तिकीट काढलं त्याचा, आणि ज्या विमानाने गेलो त्याचा. नावं दोघांचीही लिहीत नाही. विमान मधे कुठल्या शहरात थांबलं तेही लिहीत नाही, कारण ते लिहिलं की कंपनीचं नाव लिहिल्यासारखंच.

बाली कशाला, असं आमच्याकडे सगळ्यांनी विचारलं. ताईंनी, म्हणजे जाऊबाईंनी, मोबाईलवर तिथली देवळं पाहिली होती आणि गुडघे आहेत तोवर जायचं असा हट्ट धरला होता. आधी दिवाळीनंतर चौकशी केली. नाताळच्या आठवड्याचं जाऊन-येऊन माणशी ५६,००० सांगितलं. मी सरळ उठून आले. तेवढ्यात आमच्या मागच्या बाजूच्या दोन बाथरूमच्या टाइल्स झाल्या असत्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसातल्या पोराचा स्वतःहून फोन आला. "काकी, आता या. फेब्रुवारीला लोडच न्हाई ओ." लोड म्हणजे विमानात बसलेली माणसं. गेले तर त्याच विमानाचं, त्याच मार्गाचं तिकीट २९,४००. बॅग तीच, जेवण तेच. त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दाखवलं, ही त्याची सवय मला आवडली. एकाच वर्गातल्या एकसारख्या सीटांना दहा-बारा वेगवेगळे भाव असतात, प्रत्येक भावाला इंग्रजीतलं एक अक्षर. डिसेंबरात खालची अक्षरं बंद ठेवतात. बुकिंग ठरल्या गतीने येईना झालं की कॉम्प्युटर एकेक उघडत जातो. मला हे समजायला वेळ लागला नाही. हॉटेल बुकिंगच्या ॲपवर माझ्या खोल्यांचंही तेच होतं, फक्त माझ्याकडे अक्षरं नाहीत, वही आहे.

रिकामी खोली दुसऱ्या दिवशी विकता येते, पण कालची रात्र विकता येत नाही. विमानाचं त्याहून वाईट. आमच्याकडे रात्री साडेअकराला कुणी आलं तरी मी चादर बदलून खोली देते. विमानाचं दार लागलं की त्या सीटचा भाव शून्य. आणि इंधन, विमानाचं भाडं, वैमानिकांचा पगार, विमानतळाचे पैसे हे सगळं दीडशे माणसं बसली तरी जवळपास तेवढंच लागतं. मग एकोणतीस हजारात कुणी येत असेल तर येऊ दे म्हणतात.

मी त्याला विचारलं, माणसं नाहीत तर फेऱ्या बंद का करत नाहीत? मी जूनमध्ये तिसरा मजला बंदच करते. त्याने अर्धं सांगितलं, उरलेलं मी नंतर वाचून काढलं. विमानांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत एकच असतं. म्हणजे नाताळची झुंबड आणि फेब्रुवारीचा शुकशुकाट एकाच कागदावर. मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर उतरायची-उडायची वेळ नेमून मिळते, तिला स्लॉट म्हणतात. त्या हंगामात ती निदान ८० टक्के वेळा वापरायलाच लागते, नाहीतर पुढच्या वर्षी तिच्यावरचा हक्क जातो. म्हणून विमानं अर्धी रिकामी उडतात. पण पाचातली एक फेरी गाळायला वाव राहतो, आणि ती नेमकी आपली निघू शकते, हे मला तिकीट काढताना कुणी सांगितलं नाही. पोराने सांगितलं नाही ही माझी पहिली तक्रार.

फेब्रुवारीत माणसं का नसतात हे मात्र त्याला विचारावं लागलं नाही. आपल्याकडे बारावी-दहावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, त्या घरातला माणूस पेट्रोल भरायलासुद्धा लांब जात नाही. कारखान्यांचा गळीत हंगाम चालू, बागायतदाराचा जीव उसाच्या फडात. त्यात त्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, प्रयागचा महाकुंभ, १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी. आमच्या गल्लीतनं तीन टेम्पो ट्रॅव्हलर गेले. प्रयागराजच्या विमानांचे दर इतके चढले की डीजीसीएला, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, दर आवरा म्हणून सांगावं लागलं. त्याच महिन्यात बालीची सीट कुणी घेईना. माझी नेहमीची गिऱ्हाईकं निम्मी प्रयागला, त्यामुळे मलाही लॉज सोडून निघायला सोपं झालं. अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीची किरणं पडतात तो किरणोत्सव ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, तेवढे दिवस खोल्या भरलेल्या, आणि मग थेट चैत्रात जोतिबाच्या यात्रेपर्यंत निवांत.

ताईंना खरं तर पाडव्याला तिथं असायचं होतं. इथे त्या पोराला पूर्ण मार्क. तो म्हणाला, "काकी, २९ मार्चला बालीत विमानच उतरत न्हाई." न्येपी नावाचा त्यांचा सण असतो, वर्षाचा पहिला दिवस. दिवा नाही, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. आपला पाडवा त्या वर्षी ३० मार्चला, त्यांचा आदल्या दिवशी. आणि त्यांचं शकही आपलंच, शालिवाहनाचं, इसवी सन ७८ पासून मोजलेलं. ताई दोन दिवस हेच सगळ्यांना सांगत होत्या. शेवटी मंगळवार १८ फेब्रुवारी रात्रीचं मुंबईहून, परत गुरुवार २७ ला, असं ठरलं. कोल्हापूर-मुंबई उजळाईवाडीहून दुपारच्या विमानाने, त्याचं तिकीट वेगळं, माणशी २,८०० रुपये.

ते "वेगळं" लक्षात ठेवा.

३० जानेवारीला विमान कंपनीने मेल पाठवला की १८ ची फेरी 'ऑपरेशनल कारणामुळे' रद्द, तुम्हाला १९ च्या विमानात बसवलंय, नको असेल तर पूर्ण पैसे परत. हा मेल मला ५ फेब्रुवारीला कळला. कारण तिकिटावर ई-मेल होता ऑफिसचा, मोबाईल नंबर होता ऑफिसचा, आणि ऑफिसातली सगळी त्या आठवड्यात कुंभच्या बुकिंगमध्ये बुडालेली. डीजीसीएचा नियम असा की फेरी रद्द करायची तर निदान दोन आठवडे आधी कळवावं आणि दुसरं विमान किंवा पैसे परत, प्रवाशाला जे हवं ते द्यावं. कंपनीने १९ दिवस आधी कळवलं, ती मोकळी. ते माझ्यापर्यंत पोचायला सहा दिवस लागले, त्याचा धनी कोण?

ऑपरेशनल कारण काय असतं ते मला चांगलं माहीत आहे. जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकच कुटुंब असलं की मी त्यांना सांगते, वरची टाकी साफ करायची आहे, तुम्हाला पहिल्या मजल्यावरची मोठी खोली देते. टाकी स्वच्छ असते. एका कुटुंबासाठी तीन मजल्यांचं झाडणं, दिवे, पोरगं ठेवणं परवडत नाही. विमानवाल्यांनी मंगळवारची माणसं उचलून बुधवारात घातली, म्हणजे टाकीच साफ केली. त्याबद्दल माझा राग नाही. पण मी माणसाला खोलीच्या दारात जाऊन सांगते, सहा दिवसांनी नाही.

उजळाईवाडीचं विमान १८ चंच राहिलं. ते वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या तिकिटाचं, त्यांना आमच्या बालीशी काय देणंघेणं? तिकीट स्वस्तातलं, रद्द केल्यावर हातात फक्त कर आले, माणशी सहाशेच्या आसपास. १९ च्या विमानाचा भाव तोवर दुप्पट झालेला. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असते तर पुढची जबाबदारी कंपनीची असती, पण तशी सोय या जोडीत नव्हती. ऑफिसातला मालक म्हणाला, "वहिनी, तसं आपल्या हातात काय नसतंय." मी म्हटलं, मेल उघडणं तरी हातात असतंय का? मालकाने चहा मागवला. मला वाटतं त्यांच्याकडे प्रत्येक तक्रारीला चहा हेच उत्तर आहे.

मग १८ च्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसचं थ्री एसी काढलं, तेही वेटिंग. सहा दिवस आधी कळलं असतं तर बर्थ मिळाला असता, हे मी त्याला आजही ऐकवते. चार्ट लागला तेव्हा दोघींना मिळून आरएसी, एक साइड लोअर. त्रेसष्ट वर्षांच्या ताई एका टोकाला, अठ्ठावन्नची मी दुसऱ्या टोकाला, मधे दोघींचे पाय आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. मिरज गेलं, सांगली गेली, साताऱ्यापर्यंत टीसीची वाट बघितली. पुण्यात ताई म्हणाल्या, "अगं, राजाराम महाराजांनी १९३९ साली विमानतळ बांधून ठेवला, आणि आपण इथं पाय दुमडून." कल्याणला उतरलो, डोंबिवलीला भाचीकडे आंघोळ-जेवण केलं, दिवसभर खालच्या चौकात शिवजयंतीचा ढोल, आणि संध्याकाळी विमानतळ.

आता विमान.

चढल्यावर मी डोकी मोजली. सवयच आहे. पंखाच्या मागच्या भागात सीटा दीडशेच्या वर, डोकी ६३. आणि हे दोन दिवसांची माणसं एकत्र करून! मंगळवारचं मंगळवारीच उडालं असतं तर हवाईसुंदऱ्या जास्त आणि प्रवासी कमी अशी गत. नव्याने लग्न झालेली सात-आठ जोडपी, हातावरची मेंदी अजून लाल. एक गुजराती मंडळींचा गट. बाकी आमच्यासारखे भाव पडल्यावर आलेले.

मधल्या चार सीटांची एक अख्खी रांग मोकळी होती. मी तिकडे सरकायला उठले तर हवाईसुंदरीने हात जोडून बसवलं. विमान कमी भरलेलं असलं की वजनाचा तोल पाहून माणसं बसवलेली असतात, वर जाऊन स्थिर झाल्यावर खुशाल आडवं व्हा म्हणाली. पाय लांब करायच्या पुढच्या सीटा मात्र रिकाम्या असूनही फुकट देत नाहीत. बरोबरच आहे, मीही एसी खोली नॉन-एसीच्या भावात देत नाही. एकदा दिली की तो माणूस दिवाळीतही तेच मागतो.

दिवा विझल्यावर आम्ही दोघींनी एकेक रांग घेतली. तीन उशा, दोन पांघरुणं. आदल्या रात्री ज्या बाईच्या टाचा माझ्या बरगडीत होत्या ती आता चार सीटांवर सरळ झोपून घोरत होती. मुंबई ते बाली सरळ रेघेत साडेपाच हजार किलोमीटर, त्यातला मोठा तुकडा आम्ही आडव्या होऊन काढला. कोल्हापूर-मुंबईच्या रेल्वेच्या पाचशेएक किलोमीटरला जास्त दमलो होतो.

जेवणाची गंमत झाली. इतकी कमी माणसं, आणि आमच्या रांगेपर्यंत येईस्तोवर चिकन संपलं. ताई चकित. मला नवल वाटलं नाही. जेवणं डोकी मोजून चढवतात. गर्दीच्या दिवशी चार जास्त घेतलेली खपतात, मंदीच्या दिवशी हात आखडतात. आमच्याकडेही पावसाळ्यात पाहुणे कमी असले की नेमकी भाकरी कमी पडते. पनीर आलं, त्यावर आम्ही चटणी घातली, मागच्या गुजराती काकांनीही मागून घेतली. शेंगदाणा-लसणाची आहे हे आधी सांगितलं, त्यांनी हात पुढेच ठेवला.

बालीचं थोडक्यात सांगते, कारण रिव्ह्यू त्याचा नाही. उतरल्यावर व्हिसाचे पाच लाख रुपिया आणि पर्यटक कराचे दीड लाख. साडेसहा लाख भरून ताई हादरल्या. आपले साधारण साडेतीन हजार होतात. तिथं फेब्रुवारी म्हणजे पावसाळा, रोज दुपारी दोन तास धो धो, म्हणून त्यांचाही धंदा थंड. त्यांची गर्दी जुलै-ऑगस्टला आणि नाताळला. उबुदला आम्ही ज्या घरगुती हॉटेलात उतरलो तिथं नऊ खोल्या, भरलेल्या तीन. एक दिवस उशिरा येतोय हे भाचीने मेसेज करून कळवलं होतं. मालकिणीने त्या रात्रीचा एक पैसा कापला नाही, उलट तो दिवस पुढे जोडून देऊ का विचारलं. ती रोज सकाळी नारळाच्या पानाच्या चौकोनी द्रोणात फुलं, भात, उदबत्ती ठेवून दारात, रस्त्यावर, स्कूटरवरसुद्धा ठेवायची. तुटक्या इंग्रजीत आम्ही एकमेकींना चादरी धुवायचा खर्च विचारला. तिच्याकडेही धोबी चादर फाडतो.

येताना मात्र सगळी हौस फिटली. महाशिवरात्र बालीत झाली, २७ ला निघालो. मधल्या थांब्यावरून मुंबईच्या विमानात पाय ठेवला तर मुंगीला जागा नाही. पुन्हा तेच, आदल्या दिवशीची फेरी गाळून ती माणसं आमच्यात ओतलेली. मी मधल्या सीटवर, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला एक पोरगा ज्याचं कोपर मुंबईपर्यंत माझ्या हद्दीत होतं. वरचे कप्पे भरले, आमची पिशवी सहा रांगा पुढे गेली. चिकन भरपूर होतं. सीझन पडला की विमानं रिकामी असतात, असा हिशोब करून तिकीट काढणाऱ्यांसाठी सांगते: भाव पडतात हे खरं, पण जागा मोकळी मिळेल हे कुणी लिहून दिलेलं नसतं. कंपनी हुशार असेल तर ती मोकळी जागा तुमच्या आधी तिलाच दिसते.

विमानाला जाताना पाचातले साडेचार, येताना दोन. वागणूक दोन्ही वेळा चांगली. रद्द केल्याचं वेळेत कळवलं, पैसे परत किंवा पुढचा दिवस असा सरळ पर्याय दिला, त्यात खोट काढणार नाही. पण मेलमध्ये कारण लिहिताना "प्रवासी कमी आहेत" असं लिहिलं असतं तर मला आवडलं असतं. मी टाकीचं खोटं सांगते ते आमच्या गल्लीत खपतं, तीनशे माणसांना सांगायला तेच कशाला?

ऑफिसला अडीच. पोरगं हुशार आहे, न्येपीचं त्यानेच सांगितलं, आणि पॅकेज गळ्यात न मारता साधी तिकिटं दिली. तेव्हा, २०२५ ला, पॅकेजवर पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जायचा, तो परत मिळवायला पुढचं रिटर्न भरेपर्यंत थांबा, हेही त्यानेच समजावलं. अडीच कापले ते सहा दिवसांचे, आणि दोन तिकिटं सुटी काढताना मधे एक रात्र राखून ठेवा हे न सांगितल्याचे. तिथून कुणी तिकीट काढणार असाल तर उजळाईवाडीचं विमान आदल्या दिवशीचं घ्या, किंवा मुंबईला पोचायचं तिकीट शेवटी, मोठ्या विमानाची वेळ पक्की झाल्यावर काढा. दोन-तीनशे जास्त जातील.

गेल्या आठवड्यात तिथं पुन्हा गेले होते. ताईंना आता व्हिएतनाम हवंय, पितृपक्षात, कारण तेव्हा आपल्याकडचं कुणीच निघत नाही. पोराने हसत कॉम्प्युटर वळवला. भाव बघायच्या आधी मी त्याला फॉर्म उघडायला लावला, आणि ई-मेलच्या रकान्यात भाचीचा पत्ता, मोबाईलच्या रकान्यात माझा नंबर माझ्यासमोर टाइप करून घेतला. त्याने दोन्ही मोठ्याने वाचून दाखवले. मग चहा आला.